उत्तर येईपर्यंतचा श्वास

मीरगुल कश्का-बुलाकच्या जलमापन केंद्रावर पहिल्यांदा आली ती मार्चच्या अखेरीला, घोड्यावर बसून, आणि उतरताना सरळ चिखलात पडली. केंद्राची शेगडी, घोडे आणि डिझेल सांभाळणारा कुबात हसू दाबत पुढं आला. पस्तिशीचा गडी, जिभेला हाड नसलेला; तिकडच्या रीतीनं ताईला 'एजे' आणि दादाला 'बायके' म्हणणारा.

"लागलं नाही ना, एजे? ओमोर बायकेही पहिल्या दिवशी इथंच पडले होते म्हणतात. म्हणजे तुमची नेमणूक पक्की."

"त्यांना कुणी उचललं होतं?"

"कुणी नाही. तेव्हा मी तीन वर्षांचा होतो."

मीरगुल एक्केचाळीस वर्षांची होती. जिल्ह्याच्या गावी शाळेत तिनं चौदा वर्षं गणित शिकवलं. मग वडिलांनी अंथरूण धरलं. जन्मभर खाणीत काम केलेला माणूस, छातीत धूळ बसलेली. पाच वर्षं ती त्यांच्या खाटेशी बसून होती, आणि बसल्या बसल्या एका जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रामिंग शिकली. आधी मन गुंतवायला, नंतर पोटासाठी. वडिलांच्या श्वासाचा आवाज तिच्या कानात इतका मुरला होता की स्वयंपाकघरात पीठ मळता मळता तिला कळायचं, आता उशी उंच करायला हवी, आता पाणी द्यायला हवं. ते गेल्यावर ते घर तिला खायला उठलं. म्हणून ही डोंगरातली नोकरी तिनं मागून घेतली. दुसऱ्या कुणाला ती नकोच होती.

केंद्र म्हणजे नदीपलीकडच्या कड्यावरच्या दोन खोल्या. समोरच्या काठावर गाव. गावापासून घोड्यानं चार तास वर गेलं की हिमनदीच्या पायथ्याशी तुयुक-कोल नावाचा तलाव लागतो. नुसत्या गोट्यांच्या आणि जुन्या बर्फाच्या बांधानं अडून राहिलेलं पाणी. तो बांध सुटला तर पाऊण तासाच्या आत पाणी गावात. म्हणून तलावात पातळी मोजणारा खांब रोवलेला, खांबापासून केंद्रापर्यंत तार, केंद्रात एक संगणक, आणि गावात शाळेपाशी, गिरणीपाशी आणि दुकानापाशी असे तीन कर्णे; धोक्याचा भोंगाही त्यांतूनच वाजायचा.

हे सगळं ओमोरनं उभं केलं होतं. बत्तीस वर्षं तो या केंद्रावर होता. पन्नाशी उलटल्यावर एका पुस्तकावरून जावास्क्रिप्ट शिकून त्यानं अकरा हजार ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि घोषणाही स्वतःच्याच आवाजात भरल्या. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दर दोन तासांनी कर्णे बोलायचे: "कश्का-बुलाक, ऐका. तलावाची पातळी," आणि मग आकडा, "चार मीटर दहा. धोका नाही." जाड, सावकाश आवाज, समोर बसून चहा पिता पिता सांगावं तसा. त्याच वर्षी जानेवारीत तार तपासायला वर जाताना ओमोर बर्फातल्या वाटेवर छातीला हात लावून खाली बसला तो उठलाच नाही. पण संगणक चालूच होता. त्याला माती देऊन माणसं घरी परतत होती तेव्हा वाटेत दोनाचा ठोका पडला आणि ओमोरनं सगळ्यांना सांगितलं, धोका नाही.

आवाज बदलू या असं कुणी म्हटलं नाही. त्याची बायको शारिपा गावाच्या खालच्या टोकाला, नदीला लागून राहायची. सत्तरीची, ताठ पाठीची बाई. घोषणेच्या वेळेला ती हातातलं काम ठेवून खिडकीत बसायची. मीरगुल आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात ती पूल ओलांडून, कडा चढून केंद्रावर आली. फडक्यात बांधलेले बोरसोक, तळलेले पिठाचे गोळे, टेबलावर ठेवले आणि संगणकाकडं पाहत म्हणाली, "हाच का तो?"

"हाच, आपा."

"वाटलं होतं, मोठा असेल."

मे महिन्यात दरड कोसळली आणि तार तुटली. नवी ओढायची तर पुढचा उन्हाळा उजाडला असता. सापारबेक बायके, जिल्ह्याच्या कचेरीतला मीरगुलचा वरिष्ठ, फोनवर म्हणाला, "रेडिओवर चालणारा मापक पाठवतो. खिंडीवर एक मधलं यंत्र बसवा, ते निरोप इकडून तिकडं पोचवेल. बाकी तू बघ."

मापक बसला, निरोप येऊ लागले. पण मीरगुलपुढं वेगळाच पेच उभा राहिला. तारेवर होतं तोवर प्रोग्राम पातळी विचारायचा आणि पापणी लवायच्या आत आकडा मिळायचा. ओमोरनं सगळं त्या भरवशावर लिहिलं होतं. विचारा, उत्तर घ्या, पुढच्या ओळीवर जा. रेडिओचं तसं नव्हतं. डोंगरात निरोप कधी दोन सेकंदांत यायचा, कधी मिनिटभरानं. त्यामुळं रेडिओशी बोलणारं नवं फंक्शन विचारताक्षणी उत्तर द्यायचंच नाही, फक्त उत्तराचं वचन द्यायचं. जावास्क्रिप्टमध्ये त्याला नावही तेच आहे, प्रॉमिस. नव्या प्रोग्रामांना ते चालतं. ते वचन खिशात टाकतात, दुसरी कामं करतात, उत्तर आलं की वळून बघतात. ओमोरच्या प्रोग्रामला हे ठाऊकच नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं त्या वचनालाच आकडा समजून मोजायला घेतलं आणि तलाव कोरडा असल्याचं जाहीर केलं.

"एजे, गावातली म्हातारी माणसं बादल्या घेऊन निघालीयत," कुबात म्हणाला. "तलाव आटला म्हणजे मासे फुकट."

प्रोग्रामला थांबायला शिकवायचं तर पातळी विचारणारी प्रत्येक ओळ बदलायला हवी होती. ती बदलली की तिला बोलावणारी ओळ, मग तिला बोलावणारी, असं करत अकरा हजार ओळी उसवाव्या लागल्या असत्या. आणि जून तोंडावर आला होता. बर्फ वितळायचे दिवस. तीन दिवस डोकं खपवल्यावर मीरगुलनं दुसरी वाट काढली.

तिनं एक वर्कर थ्रेड उभा केला, म्हणजे त्याच प्रोग्रामच्या पोटात पण त्याच्यापासून वेगळा चालणारा एक कामकरी. दोघांमध्ये मेमरीचा एक सामाईक तुकडा ठेवला. मुख्य प्रोग्रामनं त्यावर शून्य लिहायचं, वर्करला पाठवायचं आणि तिथंच झोपायचं. वर्करनं रेडिओशी काय ती घासाघीस करायची, उत्तर आलं की त्या तुकड्यावर लिहायचं आणि झोपलेल्याला हलवायचं. मुख्य प्रोग्राम जागा होऊन आकडा उचलायचा आणि पुढं चालायचा. आपण झोपलो होतो हे त्याला कळायचंही नाही. त्याच्या लेखी मधला वेळ घडलेलाच नसायचा.

पण ती झोप गाढ होती. तेवढा वेळ पडद्यावरचं घड्याळ थांबायचं. भोंग्याचं बटण दाबलं तरी काही व्हायचं नाही. सगळं एकाच्याच खांद्यावर होतं, आणि तो झोपलेला.

दुपारी बाराच्या घोषणेला तिनं नवी जोडणी सुरू केली. कुबात दारात उभा राहून कांदा सोलत होता.

"कश्का-बुलाक, ऐका. तलावाची पातळी," ओमोर म्हणाला.

मग आकड्याच्या जागी श्वास ऐकू आला. आत ओढलेला, जरासा घरघरणारा श्वास. किंचित थांबला. पुन्हा तोच. पुन्हा. समोरच्या काठावरून तीन कर्ण्यांचा तो आवाज एकमेकांच्या मागून येत होता आणि दरी हळूहळू फुगून खाली बसल्यासारखी वाटत होती. दहा-बारा श्वासांनंतर ओमोर म्हणाला, "चार मीटर वीस. धोका नाही."

कुबातच्या हातातला कांदा खाली पडला होता. "एजे," तो हळूच म्हणाला, "आत कोण आहे?"

मीरगुलच्याही अंगावर काटा आला होता. पण कारण सापडायला तिला अर्धा तास लागला नाही. आकडा बोलण्याआधी ओमोरनं भरताना श्वास घेतला होता आणि तो तुकड्याच्या शेवटी राहून गेला होता. प्रोग्राम झोपला की आवाजाच्या जुन्या कार्डाला पुढचा आवाज मिळायचा नाही. मग हातात उरलेला शेवटचा सव्वातीन सेकंदांचा तुकडाच ते पुन्हा पुन्हा वाजवत बसायचं. त्यात भुताटकी काही नव्हती.

"कळलं," कुबात म्हणाला. "फक्त एक सांगा. उद्यापासून मी शेगडी बाहेरून पेटवली तर चालेल?"

तो तुकडा कापून टाकायचं तिनं ठरवलंच होतं. पण चार वाजायच्या आत शारिपा आपा धापा टाकत कडा चढून आली. डोक्यावरचा रुमाल मागं सरकला होता.

"काढायचं नाही," ती दारातूनच म्हणाली.

"आपा, तो खरा श्वास नाहीये. यंत्र अडकतं आणि—"

"मला शिकवू नकोस, पोरी. पंचेचाळीस वर्षं त्याच्या शेजारी झोपलेय. तो खरा नाही तर मग कुठला खरा?" ती खुर्चीवर बसली. मग एकदम बारीक आवाजात म्हणाली, "ऑगस्टात त्याचं आश आहे. वर्षाचं जेवण, हिवाळ्याच्या आधीच घालतात. तेवढं होऊ दे. सगळ्यांना वाढून झालं की मी स्वतः येईन आणि सांगेन, काढ."

मीरगुलनं मान हलवली. तिला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर तिलाही त्या आवाजाची सवय होत चालली होती, आणि ही गोष्ट तिनं कुणाजवळ बोलून दाखवली नाही.

जून सरला. गावानं तो श्वास आपल्या दिवसात मिसळून टाकला. ज्या दिवशी आकाश स्वच्छ त्या दिवशी उत्तर लवकर यायचं, तीन-चार श्वासांत. ढग असले, वारा असला की वीस-वीस श्वास व्हायचे. गवत कापणारी माणसं विळा हातात धरून थांबायची आणि आकडा आला की पुन्हा वाकायची. दुकानवाली गुलायिम गिऱ्हाईकाला पाव देता देता हात तसाच धरून ठेवायची. आज ओमोर थकलाय, आज ओमोर बरा आहे, असं लोक म्हणू लागले. एक म्हातारा तर स्वतःचा श्वासही त्याच्याबरोबर घ्यायचा, मग त्याला घेरी यायची.

सापारबेक बायकेच्या कानावर हे गेलं तेव्हा तो फोनवर भडकला. "हे काय चाललंय तिथं? केंद्र आहे की मजार? आणि तुझ्या त्या थांबण्याला मुदत घातलीस का? उत्तर आलंच नाही तर?"

"नाही घातली, बायके. जितका वेळ लागेल तितका थांबतो."

"मुदत घाल. तीस सेकंद. तोवर आलं नाही तर मागचा आकडा घे आणि पुढं जा. आणि तो श्वास काढ."

त्याचं बरोबर होतं. तिनं त्याच दिवशी मुदतीची ओळ लिहिली, आपल्या लॅपटॉपवर तपासली. एका ओळीचं काम. पण मुदत घातली की लांबलेले श्वास तिथंच तुटणार, आणि श्वास तर काढायचाच होता. आश महिन्याभरावर आलं होतं. तेव्हाच सगळं एकदम करू, असं तिनं स्वतःला समजावलं आणि कचेरीला कळवलं की काम चालू आहे.

एकोणीस जुलैला आभाळ निळंशार होतं. वारा नाही. दुपारी दोन वाजता ओमोरनं गावाला हाक मारली, तलावाची पातळी म्हणाला आणि श्वास घेऊ लागला.

मीरगुल खिडकीशी चहा पीत होती. अशा हवेत तीन श्वास पुरे. दहा झाले. वीस झाले. तिनं वळून पडद्याकडं पाहिलं. घड्याळ दोन वाजून सात सेकंदांवर थांबलेलं. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून एक मिनिट उलटलं होतं.

"आज मुक्काम करणार वाटतं," कुबात म्हणाला. पण त्याचा स्वर विनोदाचा नव्हता.

पाच मिनिटं. सात मिनिटं. तिनं लॅपटॉपवरून खिंडीवरच्या मधल्या यंत्राला विचारून पाहिलं. ते जागं होतं. दर वेळी एकच निरोप देत होतं: थांबा, विचारतो. म्हणजे इथून खिंडीपर्यंत वाट मोकळी होती. खिंडीपलीकडून, तलावातूनच, कुणी बोलत नव्हतं. मापकाची बॅटरी नवी होती. असं कधी झालं नव्हतं.

प्रोग्राम मारून पुन्हा सुरू करावा म्हणून तिचा हात कळफलकाकडं गेला. तो सुरू होतो तेव्हा सगळ्यात आधी पातळीच विचारतो, म्हणजे पुन्हा तिथंच झोपणार. भोंगा त्याच्याच हातात. बटण तिनं तरीही दाबून पाहिलं, चार-पाच वेळा. काही नाही. समोरच्या काठावर श्वास चालूच होता.

आणि मग तिला जाणवलं की तो बदललाय.

हे होऊ शकत नव्हतं. तोच सव्वातीन सेकंदांचा तुकडा होता, शिळेवर कोरल्यासारखा. पण तिचे कान पाच वर्षं याच एका गोष्टीवर तयार झाले होते. आधी ज्या जागी श्वास किंचित थांबायचा ती जागा राहिली नव्हती. छाती भरायच्या आत पुढचा श्वास सुरू होत होता. वडील असे श्वास घ्यायला लागले की ती हातातलं पीठ तसंच टाकून धावायची. ती आत्ताही उठून उभी राहिली होती, कुठं धावायचं हे ठाऊक नसताना.

फोन वाजला. शारिपा आपा होती.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय, आपा. यंत्र अडकलंय—"

"तो भ्यालाय," आपा म्हणाली. तिच्या मागं बऱ्याच माणसांचे आवाज होते, पायांखाली गोटे घसरत होते. "एकदाच असा झाला होता तो. आमचा थोरला नदीत पडला होता तेव्हा. आम्ही वर कब्रस्तानात निघालोय. त्याच्यापाशी कुराण वाचायला. मशिदीतले मोल्दो सोबत आहेत. अर्धं गाव आहे. हे ऐकत घरात बसवत नाही कुणाला."

कश्का-बुलाकचं कब्रस्तान गावामागच्या टेकाडावर आहे. सगळ्या घरांपेक्षा उंच.

"आपा, वरच राहा. मी सांगेपर्यंत कुणाला खाली उतरू देऊ नका. आणि उरलेलं अर्धं गाव कुठं आहे?"

"गिरणीवर काहीजण. काहीजण झोपलेत. काहीजण म्हणतात म्हाताऱ्या बायांचं वेड आहे."

तिनं फोन ठेवला. "कुबात, घोडा. खालच्या घरांत जा, गिरणीवर जा, सगळ्यांना वर काढ."

"काय सांगू त्यांना? पाणी येतंय म्हणू?"

"मला ठाऊक नाही येतंय का ते."

"मग?"

"मी सांगितलंय म्हण. शिव्या मला घालू देत."

तो गेला. पुलावर घोड्याच्या टापा वाजल्या, मग ऐकू येईनाशा झाल्या. मीरगुल दारात उभी राहिली. कड्यावरून तिला सगळं दिसत होतं: टेकाडावर चढणारी माणसांची वेडीवाकडी रांग, खाली गल्लीतून दारं ठोठावत जाणारा कुबात, हातवारे करून भांडणारा गिरणीवाला, आणि मग तोही पोतं टाकून निघालेला. ऊन होतं. नदी रोजच्यासारखी होती. आणि त्या सगळ्यावर तो आवाज. कुणीतरी अंगणात बांधलेला बकरा त्या आवाजाकडं तोंड करून निश्चल उभा होता.

दोन अडतीसला तिला आधी वास आला, ओल्या मातीचा, खणलेल्या खड्ड्याचा. मग दरीच्या वळणावर अर्चाची झाडं उभीच्या उभी चालत येताना दिसली. पाणी दिसलंच नाही. काळा चिखल, शिळा आणि बर्फाची ढेकळं यांची एक भिंत तेवढी दिसली. पूल तिनं जाताना पाहिला नाही. पुढच्या क्षणी तो नव्हता. खालची चौदा घरं गेली, गिरणी गेली, शारिपा आपाचं घर सगळ्यात आधी गेलं. त्या गडगडाटातही कर्णे श्वास घेत होते. मग विजेचा खांब आडवा झाला आणि आवाज बंद पडला.

मीरगुल गुडघ्यांवर बसली होती. तिला वाटलं, वडील गेले. नंतर कितीतरी वेळानं तिला आठवलं, ते तर कधीचेच गेलेत.

माणूस एकही गेलं नाही. कुबातचा घोडा गेला, सव्वीस गुरं गेली, आणि तो बकरा. कुबात शेवटच्या म्हातारीला पाठीवर घेऊन टेकाड चढला होता. नंतर तो सगळ्यांना सांगायचा की म्हातारी वाटभर त्याला हळू चाल म्हणून झापत होती.

वर जाऊन आलेल्या लोकांनी सांगितलं की दोन वाजायच्या बऱ्याच आधी हिमनदीचा एक मोठा कडा तलावात कोसळला होता. त्या लाटेनं आधी मापकाचा खांब उखडला आणि मग बांध पोखरायला सुरुवात केली. बांध सुटायला अर्धा तास लागला होता.

ऑगस्टात राजधानीतून तिघांची समिती आली. सापारबेक बायकेही आला, उतरलेल्या चेहऱ्यानं. मीरगुलनं दोन कागद त्यांच्यापुढं ठेवले. पहिल्यावर लिहिलं होतं की थांबण्याला मुदत घालायला सांगितलं असताना मी ती घातली नाही, आणि त्यामुळं ऐन वेळी भोंगा मुका राहिला. ही चूक माझी आहे. दुसऱ्यावर लिहिलं होतं, मुदत घातली असती तर काय झालं असतं. दोन वाजून सदतीस सेकंदांनी प्रोग्रामनं बाराचा आकडा उचलला असता आणि ओमोरनं गावाला सांगितलं असतं: चार मीटर पन्नास, धोका नाही. गाव घरात बसून राहिलं असतं.

समितीतल्या प्रमुख बाईंनी दोन्ही कागद दोनदा वाचले. "यातलं आम्ही कोणतं धरायचं?"

"दोन्ही," मीरगुल म्हणाली.

"तीस सेकंद मी सांगितले होते," सापारबेक खाली बघत म्हणाला. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. बाहेर पडताना तो मीरगुलपाशी थांबला. तिच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

तिला शिक्षा झाली नाही, शाबासकीही मिळाली नाही. मिळाली असती तर ती कुठं ठेवायची हे तिला कळलं नसतं.

एक गोष्ट मात्र तिनं कागदावर लिहिली नाही. दुकानवाल्या गुलायिमनं त्या दुपारी फोनवर दोनदा आवाज टिपला होता, शहरातल्या बहिणीला ऐकवायला. एकदा सुरुवातीला, दुकानाच्या दारात, आणि एकदा टेकाड चढून गेल्यावर. मीरगुलनं दोन्ही मागून घेतले आणि मोजले. पहिल्या मिनिटात अठरा श्वास होते, सव्वातीन सेकंदांच्या हिशोबानं बरोबर. दुसऱ्या वेळी एका मिनिटात एकतीस. तिनं पुन्हा मोजले. आवाजाचं कार्ड तापलं असेल, त्याचं आतलं घड्याळ पळालं असेल, असं म्हणून तिनं ते कार्ड शेगडीपाशी ठेवून तापवलं, पुरासोबत आलेल्या बर्फात गाडून गार केलं, एक दिवसभर तेच वाजवलं. अठरा. प्रत्येक वेळी अठरा. आणि घड्याळ पळालं असतं तर आवाजही पातळ झाला असता. तो तसाच जाड होता.

शारिपा आपाचा संसार वाहून गेला होता. ती धाकट्या जावेच्या घरी, वरच्या गल्लीत राहत होती. आश ठरल्या दिवशीच झालं, उसन्या कढयांत. सगळ्यांना वाढून झाल्यावर, बोलली होती तशी ती केंद्रावर आली. नवा लाकडी साकव ओलांडून, काठी टेकत.

"काढ आता," म्हणाली.

मीरगुलनं ते दोन आवाज तिला सांगावेत की नाही यावर आठवडाभर विचार केला होता. शेवटी तिनं सांगितलं, आकड्यांसकट. आपानं शांतपणे ऐकून घेतलं.

"ऐकायचेत का?" मीरगुलनं विचारलं.

"नको." आपा खिडकीतून बाहेर, खरवडून काढल्यासारख्या दिसणाऱ्या काठाकडं पाहत होती. "घाबरट नव्हता तो. आमच्यासाठी तेवढा घाबरायचा. झोपू दे आता त्याला."

मीरगुलनं ओमोरच्या आवाजाचे सगळे तुकडे तिच्यादेखत काढून टाकले. गुलायिमकडचे आवाजही तिनं स्वतःजवळ ठेवले नाहीत.

त्या हिवाळ्यात ती खाली गेली नाही. अकरा हजार ओळी तिनं उसवल्या आणि एकेक करत पुन्हा विणल्या. आता पातळी विचारणारी ओळ थांबते, पण तिच्यासाठी सगळं घर झोपत नाही. भोंगा वेगळा, त्याची वीज वेगळी, त्याचं हातानं फिरवायचं चाक वेगळं. आणि तलाव गप्प झाला तर मागचा आकडा कुणी वाचत नाही. तलाव उत्तर देत नाही, एवढंच गावाला सांगितलं जातं.

आवाज कुणाचा घ्यायचा यावर गावात चार बैठका झाल्या. पाचव्या बैठकीत शारिपा आपाच उठून म्हणाली, "माझा घ्या. पंचेचाळीस वर्षं तोच बोलत होता." भरायला तीन दिवस लागले. सातचा आकडा म्हणताना दर वेळी तिला हसू यायचं, कारण पुढचा एक दात पडला होता आणि सात फुर्रकन निसटून जायचा. कुबात कोपऱ्यात बसून गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "आपा, तलाव सात मीटरवर गेला तर तुम्ही हसताय म्हणून लोक पळायचेच नाहीत."

"तू दिसलास की पळतील," आपा म्हणायची.

पुढच्या सप्टेंबरात मीरगुल आणि कुबात नवा खांब रोवायला तुयुक-कोलला गेले. आता ती घोड्यावरून नीट उतरत होती. फुटलेल्या बांधाच्या जागी वरून आणखी गोटे आणि बर्फ येऊन बसला होता. तलावाच्या रिकाम्या खळग्यात हिरवट पाणी पुन्हा जमू लागलं होतं. काठावरून खोली कळत नव्हती, म्हणून मीरगुलनं दोरीला दगड बांधून आत सोडला. कुबात दोरीवरच्या गाठी मोजत होता.

"दोन मीटर दहा, एजे."

तिनं वहीत आकडा लिहिला, तारीख टाकली आणि खांबासाठी खडक बघायला लागली.